नवं गॅजेट रोज सोबत न्यायचं का? आधी त्याच्या वजनाचा ठोकळा नेऊन बघा

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, "मामा, ते हातात धरून खेळायचं नवीन गेमिंग मशीन घेऊ का? रोज बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास जातो माझा, तेवढ्यात मस्त खेळता येईल." आणि मग प्रोसेसर कुठला, स्क्रीन किती हर्ट्झची, स्टोरेज किती, मेमरी कार्ड बसतं का, हे सगळं तिने धडाधड वाचून दाखवलं. अभ्यास अगदी मन लावून केलेला होता, त्यात शंकाच नाही. मी तिला एवढंच विचारलं की वजन किती आहे गं त्याचं, चार्जर कुठला न्यायचा, आणि ते ठेवणार कुठे, तर ती जरा थांबली आणि म्हणाली, "सॅकमध्ये टाकीन ना."

ह्या "सॅकमध्ये टाकीन ना" मध्येच सगळी मेख आहे. यंत्र चांगलं आहे का हा एक प्रश्न, ते रोज घराबाहेर न्यावं का हा दुसरा, आणि आपण पहिल्याचं उत्तर शोधून काढतो आणि धरून चालतो की दुसऱ्याचंही मिळालं. पैसे एकदाच द्यावे लागतात, पण बाळगायचं ओझं रोज सकाळी नव्याने उचलावं लागतं. चार्ज झालंय का बघा, कव्हर शोधा, सॅकमध्ये जागा करा, उतरताना राहिलं नाही ना ते चाचपून बघा, आणि ज्या दिवशी ते एकदाही बाहेर काढलं नाही त्या दिवशीसुद्धा हे सगळं करावं लागतंच. माझ्याकडे एक छोटा कॅमेरा आहे, फोटो खरंच सुंदर येतात त्याचे, पण गेली दोन वर्षं तो कपाटाच्या खणात पडून आहे. आणि एक ई-इंकचा, म्हणजे कागदासारखी स्क्रीन असलेला, पुस्तकं वाचायचा छोटा रीडर आहे, तो मात्र रोज माझ्यासोबत असतो. कॅमेरा कुठल्याच बाबतीत वाईट नाहीये. मग असं का झालं हे कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात एका लाकडाच्या तुकड्यापासून करतो, कारण ह्या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. १९९० नंतर खिशात मावणारा कॉम्प्युटर बनवायची बऱ्याच कंपन्यांना घाई झाली होती. ॲपलचा न्यूटन १९९३ मध्ये आला, हाताने लिहिलेलं ओळखायचा तो, पण वजन साधारण ४०० ग्रॅम आणि शर्टाच्या खिशात काही मावायचा नाही. त्याच सुमारास जेफ हॉकिन्स नावाचा एक इंजिनिअर होता, त्याच्या कंपनीने सॉफ्टवेअर केलेलं एक यंत्रही तेव्हा असंच आपटलं होतं. पुढचं यंत्र करायच्या आधी त्याने काय केलं, तर शर्टाच्या खिशात बसेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापला, त्यावर स्क्रीनसारखा दिसणारा कागद लावला, पेन म्हणून एक बारीक काडी तासून घेतली, आणि ते घेऊन तो काही महिने हिंडला. मीटिंगमध्ये कोणी विचारलं की अमुक दिवशी वेळ आहे का, की हा खिशातून ठोकळा काढणार आणि त्यावर टकटक करून कॅलेंडर बघितल्यासारखं करणार. आजूबाजूच्यांना काय वाटत असेल ते वाटो, त्याला मात्र कळत गेलं की आपण दिवसातून किती वेळा हे बाहेर काढतो, कशासाठी काढतो, कुठली बटणं खरंच लागतात आणि काय नुसतंच हवंसं वाटतं. त्यातून १९९६ मध्ये पाम पायलट नावाचा खिशातला कॉम्प्युटर आला. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, दोन छोटे सेल घातले की काही आठवडे बघायला नको, आणि बटण दाबलं की लगेच चालू. न्यूटनपेक्षा कितीतरी कमी गोष्टी करायचा तो, पण लोकांनी तो रोज खिशात ठेवला. न्यूटन १९९८ मध्ये बंद झाला. तो लाकडाचा ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलाय.

हॉकिन्सने यंत्र बनवण्यासाठी जे केलं ते आपण यंत्र घेण्यासाठी करू शकतो. वजन आणि मापं तर सगळ्या कंपन्या छापतातच. भाचीला हवं होतं ते स्टीम डेक नावाच्या गेमिंग मशीनच्या जातीचं, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर लांब, १२ रुंद, ५ जाड, आणि साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजन. साडेसहाशे ग्रॅम म्हणजे आपले तीन फोन एकावर एक ठेवले तर होतील तेवढे. आम्ही बुटांचा खोका कापून त्या मापाचा डबा केला, आत वाळूच्या छोट्या पिशव्या भरल्या, काट्यावर ठेवून वजन जुळवलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. सोबत लॅपटॉपचा एक जुना चार्जर आणि केबल पण दिली, कारण खरं यंत्र नेलं तर ते पण न्यावंच लागणार. मग नियम असा की १४ दिवस हे रोज न्यायचं, आणि जेव्हा जेव्हा "आत्ता खेळलो असतो" असं वाटेल तेव्हा डबा खरोखर बाहेर काढून दोन्ही हातात धरायचा आणि वहीत लिहायचं, किती वाजले, कुठे होतो, किती मिनिटं मोकळी होती, उभे होतो की बसलो होतो.

डबा बाहेर काढणं महत्त्वाचं आहे हां. नुसतं मनात म्हटलं की "इथे वापरला असता" तर आपण स्वतःला फार सूट देतो. सॅक पुढे घ्यायची, चेन उघडायची, पाण्याची बाटली बाजूला करायची, डबा ओढून काढायचा, आणि शेजारच्याला कोपर लागणार नाही असं धरायचं, हे प्रत्यक्ष केलं की मगच खरा आकडा येतो.

भाचीला दुसऱ्याच दिवशी जे कळलं ते कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं. संध्याकाळी फोन करून म्हणाली, "मामा, जाताना मला बसायला जागाच मिळत नाही रे, एक हात वरच्या दांड्याला असतो." आणि हे मशीन दोन हातांचं आहे. रोज वापरायच्या वस्तूंमध्ये मला हा फरक वजनापेक्षाही मोठा वाटतो, की ती एका हाताने चालते का दोन हात लागतात. फोन एका हाताने चालतो, ई-रीडर चालतो, जुना वॉकमन तर एकदा प्ले दाबला की हाताशिवायच चालायचा. दोन हात लागणारं काहीही म्हणजे बसायला जागा पाहिजे, आणि मग तुमचा दीड तासाचा प्रवास खरं तर पाऊण तासाचाच उरतो. अजून एक गोष्ट, तिच्या बऱ्याचशा कपड्यांना खिसेच नाहीत किंवा असले तर बोटभर खोल. ज्यांचे कपडे बिनखिशाचे आहेत त्यांच्यासाठी "खिशात मावतं" ह्या जाहिरातीला काही अर्थ नसतो, त्यांचं यंत्र पर्समध्ये किंवा सॅकमध्ये जाणार, आणि सॅकमध्ये गेलेली वस्तू खिशातल्या वस्तूपेक्षा खूप कमी वेळा बाहेर येते.

आता बॅटरी. इथे जरा थांबून गणित समजून घेऊया, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बॅटरीवर एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं असतं, ५,०००, १०,००० वगैरे. हा आकडा एकटा अर्धवट आहे, कारण त्यात व्होल्टेज धरलेलं नसतं. आत खरी ऊर्जा किती आहे ते वॉट-अवरमध्ये मोजतात आणि ते काढायला फक्त एक गुणाकार लागतो. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, त्याला लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॉट-अवर. आणि यंत्र चालताना किती वॉट खातं त्याने ह्या आकड्याला भागलं की तास मिळतात, बस्स एवढंच. २०२२ च्या स्टीम डेकमध्ये ४० वॉट-अवरची बॅटरी आहे. एखादा जड गेम लावला आणि सगळं मिळून २० वॉट खायला लागलं तर ४० भागिले २०, म्हणजे दोन तासांत खेळ खलास, आणि साधा गेम लावून ते ८ वॉटवर आणलं तर पाच तास. कंपनी स्वतःच २ ते ८ तास सांगायची, एवढा मोठा फरक का तर ह्याच भागाकारामुळे. म्हणून कोणी "बॅटरी ८ तास जाते" म्हणालं की लगेच विचारायचं, काय करताना?

ह्याच गणिताची दुसरी बाजू पण बघा. निन्टेन्डो स्विच हे असंच हातात धरायचं गेमिंग मशीन, तो २०१७ मध्ये आला तेव्हा अडीच ते साडेसहा तास चालायचा. २०१९ मध्ये त्यांनी त्याच नावाने सुधारलेला आणला, तो साडेचार ते नऊ तास चालायला लागला, आणि बॅटरी तेवढीच, एका एमएएचनेही वाढवलेली नव्हती. मुख्य म्हणजे आतली चिप कमी वीज खाणारी बसवली. म्हणजे वरचा आकडा न वाढवता खालचा कमी केला. रोज बाळगायच्या वस्तूसाठी हाच रस्ता चांगला, कारण बॅटरी मोठी केली की वजन वाढतं आणि ते तुमच्याच खांद्यावर येतं.

आणि हे काही आजचं नाहीये. १९८९ चा निन्टेन्डोचा गेम बॉय घ्या, हातात धरून खेळायचाच, स्क्रीन हिरवट-करडी, रंग नाहीत, मागून उजेड पण नाही. चार सेलवर दहा-पंधरा तास आरामात चालायचा. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, स्क्रीन रंगीत, आतून उजेड, दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर कोणीही गेम गिअरकडेच बघेल. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय, पुढची रंगीत आवृत्ती धरून, ११ कोटी ८० लाखांच्या वर विकला गेला, गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. गेम बॉयच्या यशात चांगले गेम आणि कमी किंमत ह्यांचाही वाटा आहेच, पण रोज सोबत नेणाऱ्याला दर दोन दिवसांनी सहा सेल घालायला लावणारं यंत्र परवडत नाही हे तेव्हाही खरं होतं.

मग लोक म्हणतात पॉवर बँक नेऊ की. नेऊ शकता, पण ती पण एक वस्तूच आहे ना, १०,००० एमएएचची साधारण दोनशे ग्रॅमची असते. आणि तिच्यातले ३७ वॉट-अवर पूर्ण मिळत नाहीत, आतल्या ३.७ व्होल्टचे बाहेर ५ किंवा ९ व्होल्ट करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून तर चार्ज करताना ती गरम लागते. म्हणजे ४० वॉट-अवरचं यंत्र त्या पॉवर बँकेने एकदासुद्धा पूर्ण भरणार नाही. विमानाने जाणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकता येत नाही, हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते, आणि १०० वॉट-अवरच्या आत असली तर सहसा वेगळी परवानगी लागत नाही, पण एअरलाइनचे आपले नियम वेगळे असू शकतात तेव्हा ते आधी बघून घ्या.

बॅटरीचं अजून एक म्हणजे वापरत नसताना काय होतं. माझ्या मते रोज न वापरल्या जाणाऱ्या गॅजेटचं मरण इथेच आहे. आठवड्यातून एकदा हात लागतो, हात लागला की बॅटरी शून्य, म्हणून चार्जिंगला लावतो, चार्ज होईपर्यंत मूड जातो, पुढच्या आठवड्यात परत तेच. झोपलेलं यंत्र बंद नसतं, मेमरीला थोडी थोडी वीज लागतच राहते, काहींमध्ये वायफाय पण जागं राहतं. आणि लिथियमच्या बॅटरीला शून्यावर पडून राहणं सोसत नाही, तिला अर्ध्याच्या आसपास भरून ठेवलेलं मानवतं. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवणं तर अजून वाईट. साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झालं की बऱ्याच बॅटऱ्यांची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, रोज पूर्ण वापरणाऱ्याला म्हणजे दीड वर्षात. म्हणून बॅटरी बदलता येते का हे घेतानाच विचारा. युरोपियन युनियनने तर नियमच केलाय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे, ते मला फार बरं वाटलं.

आता माझ्या कॅमेऱ्याकडे येतो. एकदा पुलावर उभा होतो, खाली उथळ पाण्यात एक बगळा अगदी स्थिर, मान थोडी वाकडी करून उभा. कॅमेरा सॅकमध्ये होता. सॅक उतरवली, चेन उघडली, कॅमेऱ्याचं पाऊच उघडलं, बटण दाबलं, लेन्स बाहेर यायला लागली, आणि तेवढ्यात बगळ्याने चोच मारून मासा पकडला आणि उडून गेला. शेजारी एक मुलगा होता, त्याच्या हातात फोनच होता, त्याला तो क्षण मिळाला. फोटो बारीक आला होता, झूम केला की पिसं दिसत नव्हती, पण मासा चोचीत होता.

ह्याला मी "पहिल्या कामापर्यंतची सेकंदं" म्हणतो. मनात आल्यापासून खरं काम सुरू होईपर्यंत किती वेळ जातो ते. फोन हातात असेल तर दोन-तीन सेकंद, खिशात असेल तर पाच. माझा कॅमेरा वीस-पंचवीस. आणि ह्याला एक शेपूट पण आहे जे लोक मोजतच नाहीत, म्हणजे काम झाल्यानंतरचं काम. कॅमेऱ्यातले फोटो रात्री फोनमध्ये आणायचे, त्याचं ॲप उघडायचं, ते वायफायने जोडायचं, कधी जोडलं जातं कधी नाही, मग कुणाला पाठवायचे तर दुसऱ्या दिवशी. तो कॅमेरा खणात गेला तो त्या वीस सेकंदांमुळे कमी आणि रात्रीच्या ह्या कामामुळे जास्त, असं मला आता स्पष्ट दिसतं. म्हणून ठोकळ्याची चाचणी करताना वहीत हेही लिहा, वापरून झाल्यावर घरी येऊन अजून काय करावं लागलं असतं.

इथे फोनचं बोलायलाच पाहिजे, कारण कुठल्याही नव्या यंत्राची खरी स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या तसल्याच यंत्राशी नसते, ती तुमच्या खिशात आधीच असलेल्या फोनशी असते. फोन काय नेणारच आहात, त्याचं ओझं कधीच धरून झालंय. फ्लिप नावाचा एक छोटा व्हिडिओ कॅमेरा यायचा, मधोमध एक मोठं लाल बटण, ते दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, आणि कॉम्प्युटरला लावायला आतूनच यूएसबीचं टोक बाहेर यायचं. वापरायला इतकं सोपं यंत्र क्वचित कोणी बनवलं असेल. सिस्कोने २००९ मध्ये ती कंपनी ५९ कोटी डॉलरना घेतली आणि २०११ मध्ये तो धंदाच बंद केला, तोपर्यंत फोन चांगले व्हिडिओ काढायला लागले होते. डिजिटल कॅमेऱ्यांचंही तेच झालं, २०१० मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगभरात १२ कोटींच्या वर कॅमेरे रवाना झाले, २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाही. फोनचे फोटो कॅमेऱ्यापेक्षा चांगले म्हणून हे झालं नाही. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, त्यामुळे कमी उजेडात कॅमेरा अजूनही पुढेच आहे. पण बहुतेकांना बहुतेक वेळा जेवढं पाहिजे तेवढं फोन देतो, आणि तो सोबत असतोच.

मग फोन असताना माझा ई-रीडर रोज सोबत कसा टिकला? कारण एका कामात तो फोनला खरंच हरवतो, थोडक्यात नाही, चांगलाच. त्याची स्क्रीन कशी चालते ते बघा. आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक बारीक कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, दोघांवर उलटसुलट विद्युतभार. खालून एका प्रकारचा भार दिला की पांढरे वर येतात, उलटा दिला की काळे वर येतात, आणि एकदा वर आले की वीज बंद केली तरी तिथेच राहतात. म्हणजे पान बदलतानाच काय ती वीज लागते, पान वाचताना स्क्रीनला काहीच लागत नाही. म्हणून त्याची बॅटरी आठवडे-आठवडे जाते आणि तो मी कधीही उचलला तरी मेलेला नसतो. शिवाय ही स्क्रीन स्वतः प्रकाश टाकत नाही, बाहेरचा प्रकाश कागदासारखा परत पाठवते. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश असतो, त्याच्याशी फोनची किंवा गेमिंग मशीनची स्क्रीन झगडत बसते, ब्राइटनेस वाढवा, बॅटरी अजून खा, तरी अर्धं दिसत नाही. ई-इंकला उलट ऊन जितकं जास्त तितकं चांगलं. एका हातात मावतो, उघडला की कालचंच पान समोर, आणि मेसेज येत नाहीत. मी रांगेत उभा असतानाची सहा मिनिटं त्यात वाचतो. फोनवर तीच सहा मिनिटं कुठे जातात ते कळत नाही.

हेच मोजमाप कुठल्याही यंत्राला लावता येतं. तुमच्या आयुष्यातलं असं कुठलं काम आहे जे दिवसातून एकदा तरी येतं, आणि ज्यात हे यंत्र फोनपेक्षा इतकं सरस आहे की तुम्ही खिशातला फोन सोडून सॅकची चेन उघडाल? थोडंसं सरस असून भागत नाही, कारण चेन उघडायचा आळस थोडा नसतो. भाषांतर करणारं यंत्र, आवाज रेकॉर्ड करणारं, नोट्स लिहायचं, गाणी ऐकायचं, सगळ्यांना हाच प्रश्न. आणि कामानुसार उत्तर बदलतं हां. जो माणूस दिवसभर मुलाखती घेतो त्याला वेगळा रेकॉर्डर पाहिजेच, कारण मधे फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबलं तर त्याचं कामच गेलं. मला वर्षातून दोनदा लागणारा रेकॉर्डर मात्र फोनमध्येच बरा.

एक धोका अलीकडे नवीन आलाय तो मला मनापासून सांगावासा वाटतो. काही यंत्रं स्वतः फार काही करत नाहीत, सगळं काम दूरवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर होतं आणि आपल्या हातात असतो तो नुसता माइक आणि स्पीकर. ह्युमेन नावाच्या कंपनीने २०२४ मध्ये कपड्यावर लावायची एआय पिन आणली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आमचा बराचसा भाग एचपी घेतेय, आणि दहा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला सर्व्हर बंद. फोन, मेसेज, प्रश्नोत्तरं सगळं गेलं. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या गोष्टी तेवढ्या राहिल्या, म्हणजे बॅटरी किती उरलीय ते सांगणं वगैरे. वर्षभरसुद्धा न झालेलं यंत्र, हार्डवेअर शाबूत, चार्ज होतंय, आणि उपयोग शून्य. म्हणून घ्यायच्या आधी एवढं नक्की बघा की फोन फ्लाइट मोडवर टाकल्यासारखं ह्या यंत्राचं नेट काढून घेतलं तर ते काय काय करतं. गेम चालतो का, पुस्तक उघडतं का, रेकॉर्डिंग होतं का. जे नेटशिवाय चालतं तेच खऱ्या अर्थाने तुमच्या हातात आहे. दरमहा पैसे भरावे लागत असतील तर ते बंद केल्यावर काय उरतं तेही विचारा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. चार्जिंग पोर्ट टाइप-सी नसेल तर सरळ नाही म्हणा, एक जास्तीची केबल म्हणजे विसरायची अजून एक वस्तू, आणि युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, कॅमेरे, ई-रीडर, हातातली गेमिंग मशीनं ह्या सगळ्यांना ते सक्तीचंच आहे. यंत्र धूळ-पाण्यात किती टिकतं ते सांगणाऱ्या आयपी रेटिंगमध्ये पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा, पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही एवढाच अर्थ. आणि ही पाण्याची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्रात किंवा साबणाच्या पाण्यात नाही. लॉक लावता येतं का बघा, कारण हरवलं तर यंत्राबरोबर त्यात लॉगिन करून ठेवलेली खाती पण जातात, आणि फोनला जेवढं जपतो तेवढं आपण ह्या दुसऱ्या यंत्राला जपत नाही. वजन मोजताना कव्हर, चार्जर, केबल सगळं मिळून मोजा, छापलेल्या आकड्यात ते नसतं.

भाचीचे १४ दिवस मागच्या रविवारी संपले. वही घेऊन आली होती. सुट्ट्या धरून १४ पैकी नऊ दिवस डबा बाहेर गेला, पाच दिवस "आज सॅक जड आहे" म्हणून घरी राहिला. बसमध्ये खरोखर काढता आला असा फक्त तीन वेळा, तिन्ही वेळा संध्याकाळी, बसायला जागा मिळाली तेव्हा. पण रात्री घरी, पलंगावर लोळून, "आत्ता खेळले असते" असं अकरा वेळा लिहिलेलं होतं. आणि जाताना बसमध्ये उभं असताना जे आठ-दहा मिनिटांचे तुकडे मिळाले त्यात तिने प्रत्येक वेळी फोनच काढला होता, तेही तिने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं.

वही मिटून म्हणाली, "मामा, मोठं मशीन घेतलं तरी ते घरीच राहणार हे कळलं मला. घरी ठेवायचं म्हणून घेऊ का ते नंतर बघू." मग तिने एक छोटं, उभं, तळहातात मावणारं मशीन शोधून काढलं, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, साधे जुन्या धाटणीचे गेम चालतात त्यावर, आणि एका हाताने निदान पझल तरी खेळता येतात. ते तिला दुकानात जाऊन बघायचं होतं, मी म्हटलं आधी वाळू आण. आता पुठ्ठ्याचा दुसरा डबा बांधलाय, आधीच्या एक तृतीयांश वजनाचा, तो कुर्त्याच्या खिशात जात नाही पण पर्समध्ये फोनच्या शेजारी नीट बसतो. आज त्याचा चौथा दिवस आहे आणि तिचा दुपारी मेसेज आला, उभ्याने दोनदा काढला म्हणून.